बेनिताचं शेवटचं मेज

"दुसरा पाय, रेमीचो," बूटपॉलिशवाला म्हणाला आणि पेटीवर ब्रश आपटून त्याने नेहमीसारखी टकटक केली.

रेमिहिओने पाय उचललाच नाही. ला पाझ शहरात त्याला कुणी प्रोफेसर म्हणे, कुणी चोकेसाहेब, आणि पुस्तकांच्या पाठीवर रेमिहिओ चोके असं भारदस्त नाव छापलेलं असे. रेमीचो म्हणणारी माणसं सगळी त्याच्या खाणीच्या गावातली, वायराकोटातली, आणि वायराकोटातली माणसं या रस्त्यावर भेटत नसत. भेटलीच तर तो दुकानांच्या काचांकडे बघत पुढे जाई. समोरच्या माणसाचं तोंड लोकरीच्या टोपीने गळ्यापर्यंत झाकलेलं होतं, डोळ्यांपुरती तेवढी भोकं. इथले पॉलिशवाले सगळेच असे तोंड झाकून बसतात, ओळखीच्या माणसाने या धंद्यात बघू नये म्हणून, आणि गिऱ्हाईकंही त्यांच्याकडे न बघता वर्तमानपत्र उघडून पाय पुढे करतात. दोघांचीही सोय. आज मात्र त्याला वर्तमानपत्र खाली घ्यावं लागलं, आणि पहिल्यांदाच त्याने त्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या कातडीखाली निळे ठिपके होते. सुरुंगाची दारू जवळ उडाली की दगडाची कच कातडीत शिरून बसते आणि मरेपर्यंत निघत नाही. त्याच्या बापाच्या कपाळावर असे ठिपके होते. लहानपणी मांडीवर बसून तो ते बोटाने दाबून बघायचा.

"कोण?" त्याने विचारलं, पण आवाज त्याने ओळखला होता.

सातुर्निनो कोंदोरी. शेजारच्या घरातला सातुकाका. त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या दिवशी कडेवर घेऊन चर्चमध्ये उभा राहिला होता तो रेमिहिओचाच बाप, म्हणजे दोन घरांत रक्ताच्या नात्याहून घट्ट नातं झालेलं. आणि हाच सातुर्निनो रेमिहिओच्या कादंबरीतला खुनी. नाव बदललं होतं. नावच तेवढं बदललं होतं.

सातुर्निनोने टोपी काढली नाही. डबीतलं पॉलिश बोटाने घेऊन त्याने स्वतःच रेमिहिओचा डावा पाय उचलून पेटीवर ठेवला, आणि काम करता करता, मान खाली घालून, आजूबाजूला कुणाला वाटावं की हवापाण्याच्या गप्पा चालल्यात अशा सुरात तो बोलत राहिला. आपली बायको बेनिता वारली हे रेमिहिओला ठाऊक असेल. नसेल तर आता कळलं. परवा-तेरवा सर्व संतांचा सण आला. मेलेला माणूस तीन वर्षं या सणाला घरी येतो, त्याच्यासाठी खाण्यापिण्याचं मेज मांडायचं; बेनिताचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी मेज मांडलं तेव्हा प्रार्थनेला कुणी आलं नाही, दुसऱ्या वर्षी आंधळा सारंगीवाला आला तो चुकून, घर चुकला होता. सगळे पाव तसेच राहिले, कुत्र्यांना घातले. यंदा मेज मांडलं की संपलं, यानंतर ती यायची नाही.

रेमिहिओ म्हणाला, वाईट झालं. असं काहीतरी म्हणावं लागतं तसं तो म्हणाला.

"वाईट झालं ते मेली त्याचं नाही," सातुर्निनो म्हणाला. "म्हातारी झाली, मेली. पण तू रेडिओवर वाचलंस त्या दिवसापासून ती माझ्याकडे पाठ करून झोपली. भांडली नाही रे. वाढायची, कपडे धुवायची. एकदा म्हणाली, मी शप्पथ घातली तरी तू खोटं बोलशील, त्यापेक्षा मी विचारतच नाही. आणि तशीच गेली. आता येईल तेव्हा तिला सांगायला पाहिजे ना कुणीतरी? माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकेल. त्याच आवाजात सांग."

रेमिहिओला हसू यायला हवं होतं. मेलेल्या बाईला मेजाजवळ उभं राहून निवेदन द्यायचं, ही गोष्ट तो कॉलेजातल्या मित्रांना रंगवून सांगू शकला असता. पण बुटावर फडका फिरवणाऱ्या त्या हातांकडे बघताना हसणं जमेना, कारण बेनिताकाकूला का खरं वाटलं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वायराकोटात खाणकामगारांच्या संघटनेचा रेडिओ होता. लष्कर येतंय असं त्याने सांगितलं तेव्हा लष्कर आलं. मेलेल्यांची नावं त्याने वाचली तेव्हा ती माणसं मेलेलीच होती. कथिलाचे भाव पडले, सरकारने खाण बंद केली, अर्धं गाव ट्रकांत गाद्या भरून निघून गेलं आणि उरलेल्यांनी सहकारी संस्था काढून तोच उष्टा डोंगर पुन्हा पोखरायला घेतला, हे सगळं आधी रेडिओवर आलं. रेडिओवर गाणी लागत ती करमणूक. बोललं जाई ते खरं. रेडिओ चालवणाऱ्या शाळेतल्या मास्तरांनी त्याची कादंबरी रोज संध्याकाळी थोडी थोडी वाचायचं ठरवलं तेव्हा त्याने ताबडतोब होकार कळवला. आपल्या गावाची गुन्ह्याची गोष्ट, आपल्या गावाने ऐकावी. शेवटचं प्रकरण तर तो स्वतः जाऊन वाचून आला. हेडफोन कानाला, समोर पाण्याचा पेला, खिडकीतून दिसणारी पत्र्याची छपरं, आणि प्रत्येक छपराखाली आपलाच आवाज लागलेला. तो वाचत होता ती गोष्ट होती. ते ऐकत होते ती बातमी.

गोष्ट म्हणावी तर साधी. एका शुक्रवारी जुन्या बोगद्यात तिघंच उतरले होते: खाणकामगारांच्या टोळीचा म्होरक्या अनाक्लेतो, म्हणजे रेमिहिओचा बाप, सातुर्निनो, आणि तरणाबांड फाबियान. वर आले दोघं. फाबियानला बाहेर आणलं तेव्हा डोकं फुटलेलं होतं. दगड पडला, दोघांनी सांगितलं, आणि दगड तर तिथे पडतच असतात. पोलीस येऊन कागद करून गेले. पण गावात कुजबुज होती की फाबियान खनिज चोरणाऱ्यांना फितूर होता, कथिलाची चांगली शीर कुठे लागली ते त्यांना दाखवायचा, आणि म्होरक्याला ते कळलं होतं. रेमिहिओ तेव्हा शहरात शिकत होता. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने बापाला पाहिलं. बाप जेवत होता, कामावर जात होता, पण शुक्रवारी मामाकडे बसायला जाईनासा झाला होता. खाणीच्या पोटात शिंगं लावून बसलेला मातीचा मामा, जमिनीखालच्या सगळ्याचा धनी, त्याच्यापुढे शुक्रवारी टोळीने बसून कोकाची पानं चघळायची, त्याच्या तोंडात सिगारेट पेटवून द्यायची, हे चुकवणारा माणूस रेमिहिओने पाहिला नव्हता. आई म्हणे, गुडघे दुखतात रे त्याचे. गुडघे दुखणारा माणूस रोज तेवढंच अंतर चालून खाली उतरत होता. रेमिहिओने बापाला काही विचारलं नाही. विचारायला किती सुट्ट्या मिळाल्या, किती संध्याकाळी दोघंच दारात बसले होते, आणि प्रत्येक वेळी त्याने परीक्षेचं काहीतरी काढलं.

बाप वारल्यावर त्याने कादंबरी लिहायला घेतली. शहरातल्या टीकाकारांना तिच्यात मरू घातलेल्या गावाचं विदारक दर्शन झालं, आणि ते झालंही असेल. पण आज, एक बूट चकचकीत आणि एक मळका अशा अवस्थेत बसलेल्या रेमिहिओला स्वच्छ दिसलं की त्याने ती फक्त एका कामासाठी लिहिली होती. तिघांतला एक मेला, उरले दोन. खून झाला असेल तर दोघांपैकी एकाने केला. कादंबरीतला म्होरक्या सज्जन, थकलेला, सगळं पोटात घालणारा होता, आणि दगड उचलला तो दुसऱ्याने, मामाची सिगारेट पेटवणाऱ्याने. खऱ्या टोळीत सिगारेट सातुर्निनो पेटवायचा. हा तपशील त्याने बदलला का नाही? तो इतका देखणा होता की बदलवेना. आडत्याच्या दुकानातल्या पोरापासून चर्चमधल्या पाद्र्यापर्यंत सगळ्यांनी त्याच तपशिलावरून माणूस ओळखला. मग कुणी सातुर्निनोवर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. फक्त पुढच्या शुक्रवारी तो मामापुढे जाऊन बसला तेव्हा बाकीचे उठले. पानं चघळायला सोबत नाही म्हणजे टोळी नाही, टोळी नाही म्हणजे खाण नाही. त्याला इतकं नीट वाळीत टाकलं की कुणाला वाळीत टाकल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. आईने हे फोनवर सांगितलं होतं. रेमिहिओ तेव्हा म्हणाला होता, अगं, ती कादंबरी आहे, लोकांना समजत कसं नाही. आणि फोन ठेवून तो खरोखरच चिडला होता, लोकांवर.

"काय सांगायचं तिला?" त्याने विचारलं.

"दगड पडला म्हणून सांग."

"दगडच पडला होता?"

सातुर्निनोचा फडका थांबला. टोपीच्या भोकांतून त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर रेमिहिओला बरं वाटलं असतं.

"तू सांगितलंस की पडेल," तो म्हणाला. "तुझा बाप माझ्या पोरीचा धर्मबाप, रेमीचो. मला त्याच्याबद्दल काही विचारू नकोस. झाला तुझा बूट."

म्हणजे इतकी वर्षं या माणसाला उघड्या तोंडाने फिरायला एकच वाक्य पुरेसं होतं, मी नाही, अनाक्लेतोने. मेलेल्या माणसाला त्याने काय फरक पडला असता? पण ते वाक्य तो बायकोजवळसुद्धा बोलला नाही, आणि तिची पाठ बघत झोपला. रेमिहिओ उठला, चालायला लागला, चढावर त्याला धाप लागली. पैसे द्यायचे राहिले हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा परत जायचं धाडस होईना. घरी जाऊन त्याने कपाटातली कादंबरी काढली, न उघडताच परत ठेवली. आपण जाणार नाही असं तो स्वतःला समजावत राहिला. परीक्षांचे पेपर होते, पायाला सूज होती, आणि मुळात या सगळ्या अंधश्रद्धेला खतपाणी घालणं योग्य नव्हतं. शेवटचं कारण त्याला इतकं पटलं की त्याची लाजच वाटली. सणाच्या आदल्या दिवशी तो बसमध्ये होता.

बसच्या काचेवर धूळ, धुळीपलीकडे पिवळं गवत आणि लामांचे कळप. शेजारच्या बाईच्या मांडीवर लांब पातीचे कांदे होते, मेजावर ठेवायला. मेलेल्यांना परतीच्या वाटेवर पातीत पाणी भरून नेता येतं. लहानपणी त्याने बेनिताकाकूला विचारलं होतं, कांद्यात किती पाणी मावणार? ती म्हणाली होती, तहान किती आहे त्यावर. तिला त्याचे प्रश्न आवडत. शाळेतून तो आधी तिच्या घरी जायचा, आई खाणीच्या कचऱ्याच्या ढिगावर दगड फोडून त्यातलं कथील वेचायला गेलेली असे म्हणून. काकू जांभळ्या मक्याचं गरम आपी पेल्यात ओतायची आणि म्हणायची, वाच रे मोठ्याने, तुझ्या आवाजात वाचलं की कळतं. शाळेचं पुस्तक, जुनं वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरचं, जे असेल ते तो वाचायचा आणि ती हातातलं काम न थांबवता मान डोलवायची. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पहिल्यांदा ज्या माणसाने त्याच्या आवाजावर विश्वास ठेवला ती तीच होती, हे त्याला बसमध्ये आठवलं, आणि त्याला वाटलं की आत्ताच कुठल्यातरी वळणावर उतरून उलटं चालत सुटावं.

आई चुलीपाशी पाव काढत होती. तान्ह्या बाळांच्या आकाराचे पाव, मातीचे रंगीत चेहरे चिकटवलेले. कशाला आलास हे तिने विचारलं नाही. सातुर्निनो सकाळीच आला, शेजारी मेज मांडतोय, एवढं म्हणाली. मग त्याच्यापुढे वाफाळतं सूप ठेवून बराच वेळ तव्यावरची राख पुसत बसली.

"तुझ्या बापानं शेवटच्या आजारात मला काहीतरी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तापात होता. मी ते ऐकलं. मग वर्षा-दोन वर्षांनी तू रेडिओवर वेगळं सांगितलंस. मी म्हटलं, मुलगा शिकलेला आहे, चौकशी करून लिहिलं असेल. म्हातारा तापात बरळला असेल. मला किती बरं वाटलं रे त्या दिवशी."

त्याने चमचा खाली ठेवला.

"सातुर्निनोकडे मी गेले नाही त्या दिवसानंतर," आई पुढे म्हणाली. "बेनिताच्या प्रेतालाही नाही. तुझंच खरं धरून चालले. उद्या काय बोलायचं ते बोल. पण मला अजून या गल्लीत राहायचंय."

एवढंच. तिने दगड म्हण असं म्हटलं नाही, आणि म्हणायची गरजही नव्हती. ज्याचं वाटोळं झालं त्यालाही दगड हवा होता, जिच्या नवऱ्यावर ते आलं असतं तिलाही. मग खऱ्याचा हट्ट कुणी धरायचा, रेमिहिओने? ज्याने बापाला एकदाही विचारलं नाही त्याने? अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला बापाचं कपाळ आठवत राहिलं. बोटाने दाबल्यावर ते निळे ठिपके क्षणभर पांढरे व्हायचे आणि पुन्हा निळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आत्मे येतात त्या वेळी, तो शेजारच्या घरात गेला. काळ्या कापडावर पाव, ऊस, कांदे, बेनिताकाकूचा फोटो, आपीचा पेला. सातुर्निनोने टोपी घातली नव्हती. त्याचा चेहरा इतक्या वर्षांनी उघडा बघताना रेमिहिओला परक्याच्या घरात चुकून शिरल्यासारखं झालं. सातुर्निनोची मुलगी दाराशी उभी राहून गल्ली बघत होती. आणि माणसं आली. रेमीचो आलाय, काहीतरी सांगणार आहे, एवढ्यावर आली. जुन्या टोळीतले दोघं, मास्तर, गल्लीतल्या बायका टोप्या सावरत. सगळ्यांत शेवटी नातीचा हात धरून फाबियानची आई आली, म्हातारी तोमासा, आणि भिंतीशी टेकून बसली. सातुर्निनोच्या घरात ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तिला बसायला घोंगडी सातुर्निनोनेच दिली.

रेमिहिओ मेजापुढे उभा राहिला. आधी नुसती प्रार्थना म्हणावी असं त्याने ठरवलं होतं. पहिले शब्द उच्चारले मात्र, आणि त्याच्याबरोबर पुटपुटणारी सगळी खोली गप्प झाली. ऐकायला लागली. मग त्याने प्रार्थना सोडली आणि फोटोकडे बघून सांगितलं. काकू, मी जे वाचलं ते मी मनाने रचलेलं होतं. सातुकाकांनी फाबियानला मारलं नाही. कुणीच मारलं नाही. त्या दिवशी छतातून दगड पडला. त्याने आवाज चढवला नाही, थरथरू दिला नाही; पुढे त्याला याचीच जास्त लाज वाटली, की ते किती छान बोललं गेलं. आई उंबऱ्याशी उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. टोळीतला एक जण पुढे झाला, सातुर्निनोच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि सातुर्निनो फोटोकडे बघत पोरासारखा रडला. बायकांनी प्रार्थना पुन्हा धरली. मुलगी पाव वाटू लागली, आणि लोक ते घेऊ लागले. इतकं सोपं होतं. हे त्याला कुठल्याही वर्षी करता आलं असतं, बेनिताकाकू कान लावून बसलेली असतानाच करता आलं असतं.

तोमासाने नातीला सांगून त्याला जवळ बोलावलं. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. तिला आता फारसं दिसत नव्हतं, तिने त्याचं मनगट चाचपून धरलं.

"दगडच होता म्हणतोस."

"हो, आजी."

"मग लगेच गेला असेल तो."

"लगेच. त्याला कळलंसुद्धा नसेल."

म्हातारीने मान हलवली. त्याचं मनगट सोडलं नाही.

"तू वाचलंस त्यात मरताना त्यानं मला हाक मारली होती," ती म्हणाली. "आई, दिवा विझला, म्हणाला."

रेमिहिओला ते वाक्य आठवलं. प्रकरण कोरडं वाटत होतं म्हणून छपाईला जायच्या आधी त्याने ते घातलं होतं, चहा पिता पिता, आणि पुन्हा वाचून बघितल्यावर स्वतःवरच खूश झाला होता.

"त्या दिवसापासून मी रोज ओ देते," तोमासा म्हणाली. "कातरवेळ झाली की दारात बसते आणि म्हणते, आले रे, थांब, आले. ही पोरं हसतात मला." नातीने मान खाली घातली. "खाली अंधारात एकटा होता पण मला हाक मारून गेला, याच्यावर मी दिवस काढले. मग आता सांग. मी ओ कुणाला देत होते?"

ती रागावून विचारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि सांगायला रेमीचो समोर बसला होता. प्रार्थना थांबली होती. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती, आणि तो जे सांगेल ते सगळ्यांनी खरं मानलं असतं.